काठोकाठ संख्या

आबा धान्य मोजताना कधी ‘एक’ म्हणत नसत. पहिलं माप पोत्यात पडलं की ‘लाभ’, मग दोन, मग तीन. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, सगळ्या मापाऱ्यांची तीच रीत होती, आणि आबा तिथं एका आडतीवर मापारी होते. घरी ज्वारी आली तरी ओसरीवर उकिडवे बसून ते पायलीनं ती पुन्हा मोजत आणि कणगीत टाकत. त्यांच्या सुरात लांबवलेल्या ‘लाऽभ’नं मला जाग यायची. बाहेर टांग्याच्या घोड्यांची घुंगरं, आत मायच्या जात्याची घरघर आणि मधून आबांचं मोजणं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळी धपाटे आणि दही, नाहीतर रात्रीची भाकरी कुस्करून तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. आज डॉक्टरांनी तेल बंद केलंय, पण त्या चटणीची चव जिभेवरून जात नाही.

आम्ही मुळात शहरातले नव्हे. गावाकडं आमची चांगली जमीन होती. रझाकारांच्या धामधुमीत आमचं घर लुटलं गेलं, काकांचा हात कायमचा अधू झाला, आणि एका पहाटे आबा माय आणि मला बैलगाडीत घालून औरंगाबादला घेऊन आले. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गावात परत जायला काही हरकत उरली नव्हती. पण आबांना ते घर पुन्हा बघवेना. शेत त्यांनी काकांवर सोपवलं आणि स्वतः मोंढ्यात माप धरलं. मी एकटीच लेक. सातवीपर्यंत शिकवायचं, मग शाळा बंद, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते रागानं म्हणत नसत, पावसाळ्यानंतर हिवाळा येतो म्हणावं तसं म्हणत. मला तेव्हा वाटायचं, सातवी अजून लई लांब आहे.

आमची मुलींची शाळा तोवर उर्दू होती. मी बेरीज-वजाबाकी उर्दूतच शिकले, आणि ‘अलिफ’ आधी लिहिला, ‘अ’ नंतर. मग हुकूम आला की आता सगळं मराठीतून शिकवायचं. काही शिक्षिका हैदराबादला निघून गेल्या, काहींनी घरीच बसणं पत्करलं. गणित शिकवणाऱ्या जाहिदा आपा मात्र राहिल्या. उंच, सडपातळ, पांढरी ओढणी डोक्यावरून कधी न ढळणारी, आणि बोटांना कायम खडूची भुकटी. त्या मराठी लिहायला सवयीनं फळ्याच्या उजव्या टोकाला जायच्या, खडू टेकवायच्या, मग आठवण होऊन सगळा फळा ओलांडून डाव्या टोकाला यायच्या. आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. आकडे मात्र उर्दूतही डावीकडूनच लिहितात, म्हणून गणितात त्यांची ही फरपट कमी होती. नवे मराठी आकडे तेवढे हातात बसायचे होते.

सातवीचं वर्ष सुरू झालं आणि आपांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. “शकू, मेरेकू मराठी पढा. वाचणं, लिहिणं, सगळं. मैं तुझे हिसाबकी असल चीज दिखाती.”

“हिसाब तर तुम्ही शिकवताच की वर्गात,” मी म्हणाले.

“वो तो बाजारका हिसाब है,” आपा म्हणाल्या.

त्यांचं घर शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या बोळात होतं. तिथं जायचं म्हटल्यावर आबांचा हात जेवता जेवता थांबला. “त्या लोकांच्या घरी काय काम हाय तुझं?”

“मराठी शिकवायचीय आपांना. नाय आली तर त्यांची नोकरी जाणार.”

“जाऊ दे की.”

मायनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, “बाईमाणूस हाय. म्हातारी आई हाय पदरात. तिनं काय केलंय आपलं?” आबांनी भाकरी मोडली. शेवटी म्हणाले, “जा. पण तिथं पाणीसुदिक प्यायचं नाय.”

आपांच्या आईला सगळे अम्माजी म्हणत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी पेल्यात सरबत आणलं. मी नुसती खाली बघत बसले. त्यांनी पेला उचलून नेला, आणि थोड्या वेळानं दोन सीताफळं माझ्यापुढं ठेवली. न सोललेली, देठासकट. “इसमें किसीका हाथ नहीं लगता, बेटा,” त्या म्हणाल्या. पुढं जेव्हा जेव्हा गेले तेव्हा फळच असायचं. जांब, केळ, कधी डाळिंब. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. अम्माजींच्या भावाचं कुटुंब पोलीस ॲक्शननंतर एका गावात मारलं गेलं होतं, हे मला फार उशिरा, आणि तेही दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आमच्या गावात जे झालं आणि त्यांच्या माणसांचं जे झालं, ते दोन्ही त्या खोलीत आमच्यासोबत बसलेलं असायचं, पण बोलणं फक्त काना-मात्रा आणि आकड्यांचं व्हायचं. आपांचा भाऊ कराचीला गेला होता आणि तुम्हीही या म्हणून मागं लागला होता. अम्माजी जायला तयार नव्हत्या. आपांची नोकरी राहिली तरच त्यांचा हट्ट टिकणार होता.

आपा झपाट्यानं शिकल्या. ‘ळ’ तेवढा जिभेवर बसेना. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानं भाग जात नाही ती मूळ संख्या, हे त्या ‘मूल संख्या’ म्हणायच्या. एकदा मी हसले तर त्यांनी विचारलं, “मूल म्हणजे?” मी सांगितलं, लेकरू. मग त्याही हसल्या. “ठीकच आहे. कोणाला भाग देत नाही, कोणाचं ऐकत नाही. लेकरूच ते.”

आणि त्या बदल्यात त्यांनी मला दाखवलेली ‘असल चीज’ ही होती. कुठलीही संख्या घ्यायची. तिला ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो त्या सगळ्या लिहायच्या, ती स्वतः सोडून, आणि त्यांची बेरीज करायची. आठ घेतले तर एक, दोन, चार. बेरीज सात, आठाहून कमी. अशी संख्या ‘नाकिस’, म्हणजे कमी पडणारी. बारा घेतले तर एक, दोन, तीन, चार, सहा. बेरीज सोळा, बाराहून जास्त. ती ‘जायद’. आणि सहा घेतले तर एक, दोन, तीन. बेरीज सहाच. ती ‘ताम’, पुरती. सहानंतर अठ्ठावीस. त्यानंतर एकदम चारशे शहाण्णव. मग आठ हजारांच्या पुढं एक. मधल्या सगळ्या एकतर कमी तरी पडतात, नाहीतर जास्त तरी होतात. मी वेडी झाले. रस्त्यानं चालताना, भाजी निवडताना, जो आकडा दिसेल त्याचे भाजक काढून बघायचे. एकदा मायनं हाक मारली तर मी म्हणाले, “थांब, चाळीस जायद निघतोय.” ती आबांकडं बघत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी आपांनी मला एक संख्या पाटीवर लिहून दिली. ३३५५०३३६. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. “आता ही सांग. नाकिस, जायद की ताम?” एवढी मोठी संख्या मी कधी तोंडानं उच्चारलीसुद्धा नव्हती. मी तिची निम्मी केली, मग निम्म्याची निम्मी, आणि करतच गेले. शेवटी उरले ८१९१, ज्याचं निम्मं होत नव्हतं. इथवर आल्यावर मला गंमत दिसली. दोन, चार, आठ असं दुप्पट करत जे छोटे भाजक मिळतात, त्यांची आणि एकाची बेरीज नेमकी ८१९१ भरते. त्यात पुढचा भाजक ८१९१ मिळवला की ती दुप्पट होते. त्यात त्याच्या पुढचा भाजक मिळवला की पुन्हा दुप्पट. असं दुप्पट होत होत शेवटी बेरीज त्या मोठ्या संख्येवरच येऊन थांबते, ना एक कमी ना एक जास्त. मी पळत शहागंजात गेले. आपा म्हणाल्या, “शाबास. पण ८१९१ ला आणखी कशानंच भाग जात नाही, हे बघितलं? जात असेल तर ते भाजकही मिळवावे लागतील. मग बेरीज वर जाईल.”

“तुम्ही बघितलंय?” मी विचारलं.

“नाही. माझ्या उस्तादांनी सांगितलं, मी मानलं.”

तेवढ्यात शाळेत निरोप आला. प्रत्येक शिक्षिकेनं तपासणीच्या साहेबांसमोर एक तास मराठीतून घ्यायचा, आणि जमलं नाही तर नोकरी संपली. साहेब पुण्याकडचे होते, नव्या राजवटीत इकडं नेमलेले. आपांनी हाच विषय घ्यायचा ठरवला. मी म्हटलं सोपं काहीतरी घ्या, पण त्या म्हणाल्या, ज्यावर प्रेम आहे तेच परक्या भाषेत नीट सांगता येईल. अडचण शब्दांची होती. नाकिस, जायद, ताम यांना मराठीत काय म्हणायचं ते आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. ‘अपुरी’ त्यांना पसंत पडेना, ‘जास्तीची’ मला कसंतरी वाटे. मग मला ओसरीवरचे आबा आठवले. माप काठाच्या खाली राहिलं की ते म्हणायचे उणं. बरोबर काठाला लागलं की काठोकाठ. वर ढीग राहिला की तो शीग, ते माप शिगेचं. मी आपांना हातांनी पायली करून दाखवली. उणी, काठोकाठ, शिगेची. त्यांनी ते तीन शब्द कितीदा तरी पुटपुटले. ‘काठोकाठ’ म्हणताना त्यांचे डोळे चमकत होते.

तासाच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. काळा कोट, मांडीवर टोपी. शाळेच्या मुख्य, मोठ्या बाई, दारात उभ्या. आपा सरळ फळ्याच्या डाव्या टोकाला गेल्या, तेव्हा मला हायसं वाटलं. त्यांनी सहा घेतले, आठ घेतले, बारा घेतले. मुलींना पायलीची गोष्ट सांगितली तशी सगळ्या खुलल्या, कारण माप सगळ्यांच्याच घरी होतं. मुली पटापटा ओरडून सांगू लागल्या, दहा उणी, अठरा शिगेची, वीस शिगेची. अठ्ठावीसला सगळा वर्ग एकदम म्हणाला, काठोकाठ.

साहेबांनी मागून विचारलं, “याहून मोठी आहे का एखादी?”

आपांना चारशे शहाण्णववर थांबता आलं असतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, वळल्या, आणि तीन कोटींची ती संख्या फळ्यावर लिहिली. निम्मी निम्मी करत वर्गासमोर ८१९१ पर्यंत आल्या. “आता आपल्याला बघायचं आहे, ही मूळ संख्या आहे का.” ‘ळ’ बरोबर आला. “नव्वदच्या आतल्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघणं पुरे. कारण एक्याण्णव गुणिले एक्याण्णव ह्याच्या पुढं जातं. मोठा भाजक असेल तर त्याचा जोडीदार लहान असणारच.” मग त्यांनी एकेका मुलीला एकेक मूळ संख्या वाटून दिली. कुणाला सात, कुणाला तेरा, मला एकोणनव्वद. पाट्यांवर पेन्सिली कुरकुरू लागल्या. माझी बाकी तीन उरली. एकेक जण उठून सांगू लागली, बाकी एक, बाकी सात, बाकी चौदा. आपा प्रत्येक बाकी फळ्यावर मांडत होत्या.

मग खिडकीजवळची गंगा उठली. तिला एकोणीस मिळाले होते. “आपा, माझा भाग गेला. बाकी कायबी नाय.”

साहेब सावकाश म्हणाले, “मग ही संख्या काठोकाठ नाही. शिगेची झाली.” मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. आपांचा हात फळ्यावरच राहिला होता. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. उस्तादांनी सांगितलेलं, त्यांनी मानलेलं, आणि कधी न पडताळलेलं. पण त्या म्हणाल्या, “असं असेल तर तसंच लिहू. पण आधी बघू.” आणि बाकांमधून चालत गंगाजवळ गेल्या, तिची पाटी हातात घेतली, आणि तिच्या भागाकारावरून बोट फिरवत पहिल्या ओळीवर आल्या. तिथं त्या थांबल्या. मग फळ्याकडं बघितलं, पुन्हा पाटीकडं.

“गंगा, हा कोणता अंक आहे?” त्यांनी फळ्यावर आठाच्या पुढच्या अंकाकडं बोट केलं.

“नऊ, आपा.”

“आणि त्याच्या पुढचा?”

गंगा डोळे बारीक करून बघत राहिली. “एक. दोन्ही सारखेच दिसत्यात.”

तिनं ८१९१ ऐवजी ८९११ उतरवून घेतले होते, आणि त्याला एकोणीसनं खरोखरच भाग जातो. रस्त्याकडच्या आवाजात तिला आपांनी उच्चारलेली संख्या नीट ऐकू गेली नव्हती, म्हणून ती फळ्यावर विसंबली. आपा साहेबांकडं वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, “चूक हिची नाही. माझा एक आणि माझा नऊ सारखे दिसतात. माझ्या हाताला हे अंक नवीन आहेत.” मग फळ्यापाशी जाऊन त्यांनी ती संख्या पुसली, मोठी करून, गिरवल्यासारखी, पुन्हा लिहिली. गंगानं पुन्हा भागाकार केला. बाकी दोन उरली. सगळ्यांच्या बाक्या झाल्या. एकही शून्य नव्हतं.

“काठोकाठ,” गंगाच आधी म्हणाली.

साहेब उठले. आता मी स्वतः आयुष्यभर वर्गांच्या मागच्या बाकांवर बसून तास तपासले आहेत, तेव्हा त्यांच्या मनातलं थोडं ओळखू शकते. त्यांनाही ८१९१ बद्दल माहीत नसावं. मुलींबरोबर त्यांनीही आपल्या कागदावर भागाकार मांडला होता. ते म्हणाले, “आमच्याकडं हिला परिपूर्ण संख्या म्हणतात. हा काठोकाठ शब्द कुठला?”

“ह्या मुलीचे वडील मोंढ्यात धान्य मोजतात,” आपांनी मला उभं केलं. “शब्द त्यांचा आहे.”

“चांगला आहे,” साहेब म्हणाले. “बाई, अंक गिरवा. बाकी तुमच्या मराठीला मला काही म्हणायचं नाही.” दाराशी मोठ्या बाईंना ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण मोठ्या बाई आपांकडं बघून हसल्या. आपा कायम झाल्या. त्या शाळेत त्यांनी पुढं केस पांढरे होईतो मराठीतून गणित शिकवलं, आणि अम्माजींना कुठं जावं लागलं नाही.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. शब्द वडिलांचा आहे, असं आपा साहेबांना म्हणाल्या, हे सांगितल्यावर आबांचा घास तोंडातच राहिला. “माझं नाव घेतलं त्या बाईनं? साहेबापुढं?” मी म्हटलं, व्हय. मोंढा बंद असलेल्या पुढच्याच दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी झटकली आणि म्हणाले, “चल. घर दाव त्यांचं.”

अम्माजींनी नेहमीप्रमाणं केळी आणून ठेवली. आबांनी ती बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजले. “चहा चालंल मला,” ते म्हणाले. अम्माजी क्षणभर उभ्याच राहिल्या, मग लगबगीनं आत गेल्या. चहा येईतो आबांनी आपांना ती संख्या दाखवायला सांगितली. आपांनी पाटीवर सगळं मांडलं. दुप्पट होत जाणाऱ्या बेरजा आबांना भराभर कळल्या, कारण माप दुप्पट करणं हा त्यांचा रोजचाच उद्योग. ते पाटी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव, आणि ही कोटीतली.

“समद्या दोनानं भाग जाणाऱ्याच दिसत्यात,” आबा म्हणाले. “विषम एखादी काठोकाठ नाय का?”

आपा हसल्या. “भाऊसाहेब, हे कोणालाच माहीत नाही. मोठमोठ्या लोकांनी शोधली. सापडली नाही. पण ती नाहीच, असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.”

“विलायतेतबी नाय?”

“कुठंच नाही.”

गणितात कुणालाच ठाऊक नाही असं काही असू शकतं, हे मी त्या क्षणापर्यंत ऐकलंच नव्हतं. मला वाटायचं, उत्तरं सगळी कुठंतरी शेवटच्या पानावर छापलेली आहेत. पुढं मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, गणितच शिकले आणि गणितच शिकवलं. आता तर माणसांनी यंत्रं लावून कल्पनेपलीकडच्या आकड्यांपर्यंत शोध घेतलाय. ती विषम संख्या अजून सापडलेली नाही, आणि ती नाही असंही अजून कुणी दाखवलेलं नाही.

अम्माजींनी चहा आणला. आबांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली.

“म्हंजी हे काम अजून पडूनच हाय,” ते म्हणाले.

“हौ,” आपा म्हणाल्या.

आबांनी माझ्याकडं बघितलं, नव्या माणसाकडं बघावं तसं. “मग हिला सातवीतून काढून कसं भागंल,” ते म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.